मुलांच्या शिबिरांत आईबाप

(नभोवाणीवरील भाषण)

पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांतून आज अमेरिकेंत वाढणाऱ्या नातवंडांचीं छायाचित्रें मोठ्या कौतुकानें पाहिलीं जातात. उन्हाळ्यांत आलेल्या छायाचित्रांपैकीं एखादें तरी हमखास असें असतें : मागें विस्तीर्ण तळें, कांठावर पाइनचीं उंच झाडें, आणि पुढें नारिंगी रंगाचें लाइफ जॅकेट घालून होडींत बसलेली आठनऊ वर्षांची नात. आजीला त्या चित्रांत पहिल्यानें दिसतें तें पाणी. एवढ्या पाण्यांत पोरीला एकटीला सोडलीच कशी, असें ती विचारते. आजोबांचा प्रश्न निराळा असतो. शाळेला सुटी लागली म्हणजे मूल घरीं यावयाचें. तें उलट पैसे भरून रानांत कां पाठवावयाचें, हें त्यांना उमगत नाहीं. या दोघांचें समाधान होतें न होतें तोंच दुसरें छायाचित्र येतें. त्याच तळ्यावर, तशाच होडींत, आतां मुलीचा बापहि बसलेला असतो! चौकशीअंतीं कळतें कीं, त्या शिबिराचे चालक वर्षांतून एकदां आईबापांनाहि शनिवार-रविवार मुलांबरोबर राहावयास बोलावतात.

विचारी मनुष्याला येथें एक विसंगति जाणवेल. मुलाला आईबापांच्या सावलींतून कांहीं दिवस दूर नेणें हा ज्या शिबिराचा हेतु, त्याच शिबिरांत आईबापांना आमंत्रण कशासाठीं? मूल स्वावलंबी करावयाचें तर आईबाप तेथें नकोत. आणि आईबाप हवेत तर घर काय वाईट? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर हीं शिबिरें निघालीं कशीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंत उन्हाळ्याची सुटी सुमारें दहा-अकरा आठवड्यांची असते. आपल्याकडील वैशाखवणवा तेथें उत्तरेच्या राज्यांत नसतो. वर्षांतला तोच काळ उघड्यावर राहण्याजोगा. दिवस मोठा, तळ्याचें पाणी अंगाला सोसेल असें, आणि रात्रीं शेकोटी हवीशी वाटावी इतपत गारवा. या काळाचा उपयोग शिक्षणासाठीं करून घेण्याची कल्पना प्रथम एका शाळामास्तराला सुचली. कनेक्टिकट राज्यांत वॉशिंग्टन नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें फ्रेडरिक विल्यम गन हे गृहस्थ निवासी शाळा चालवीत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि शाळेंतील मुलांना शिपायांसारखें तंबूंत राहण्याची हौस उत्पन्न झाली. गन यांनीं ती हौस दडपून टाकली नाहीं. ते व त्यांच्या पत्नी ॲबिगेल मुलांना घेऊन निघाले आणि सुमारें चाळीस मैलांचा प्रवास करून मिलफर्ड येथें समुद्रकांठीं पोंचले. जवळजवळ दोन आठवडे मुक्काम झाला. मुलें होड्या चालवीत, मासे धरीत आणि रात्रीं तंबूंत निजत. अमेरिकेंतील संघटित शिबिरांचा आरंभ सामान्यतः याच मुक्कामापासून धरतात.

पुढें वीस वर्षांनीं, १८८१ सालीं, डार्टमथ महाविद्यालयांतील अर्नेस्ट बाल्च या तरुणानें न्यू हँपशायर राज्यांतील स्क्वाम तळ्यांतल्या एका बेटावर शिबिर काढलें. त्याचें नांव 'कॅम्प चोकोरुआ'. श्रीमंतांचीं मुलें उन्हाळाभर हॉटेलांतून आळसांत लोळत पडतात, हें बाल्चला पाहवत नसे. त्यानें बेटावर एकहि नोकर ठेवला नाहीं. स्वयंपाक, भांडीं, साफसफाई, सर्व कामें मुलांनींच करावयाचीं. घरीं ज्यांना पाण्याचा पेलाहि नोकरानें आणून द्यावयाचा, तीं मुलें येथें पातेलीं घासूं लागलीं. तें शिबिर १८८९ पर्यंतच चाललें. पण आपल्या हातांनीं काम केल्यानें मूल मोठें होतें, हा त्याचा धडा पुढील सर्व शिबिरांनीं उचलला. १८८५ सालीं समनर डडली यांनीं वाय. एम. सी. ए. या तरुणांच्या ख्रिस्ती संस्थेच्या वतीनें सात मुलांना न्यूयॉर्क राज्यांतील एका तळ्यावर नेलें. त्यांच्या नांवाचें शिबिर आजहि चालू आहे. गरिबांच्या मुलांसाठीं तर याहूनहि आधीं, १८७७ सालीं, विलर्ड पार्सन्स नांवाच्या धर्मोपदेशकानें न्यूयॉर्कच्या दाट वस्तींतील मुलें खेड्यांतील कुटुंबांत मोकळ्या हवेला नेण्याची चाल पाडली होती. मुलींसाठींहि शिबिरें निघालीं, आणि १९१० सालीं शिबिरचालकांनीं आपली अखिल अमेरिकन संघटना स्थापिली.

या सर्व प्रयत्नांत एक सूत्र समान होतें. मूल घरापासून दूर न्यावयाचें. पहिल्या दोनतीन रात्रीं त्याला घरची आठवण येते, उशी ओली होते, घरीं पाठविलेल्या पत्रांत "मला येऊन घेऊन जा" एवढेंच असतें. पुढच्या पत्रांत मात्र खेकडे, बेडूक आणि नवे मित्र यांच्या हकीगतीपुढें घरच्यांची विचारपूस करावयास जागा उरत नाहीं. हें अंतर मूल स्वतःच्या बळावर तोडतें. म्हणूनच बहुतेक शिबिरांत मुक्कामभर घरच्यांनीं वारंवार येऊं नये, दूरध्वनि करूं नये, असा दंडक असतो. आजोबांच्या प्रश्नाला एवढें उत्तर पुरे होईल. मूल घरीं नको म्हणून तें रानांत पाठवीत नाहींत. घराशिवायहि आपण आहों, हें त्याला कळावें म्हणून पाठवितात.

आईबाप या चित्रांत आले ते एका निराळ्या वाटेनें. सेंट लुई शहरांतील वाय. एम. सी. ए. चे एक कार्यकर्ते हॅरल्ड केल्टनर यांचा जो फ्रायडे या ओजिब्वे जमातीच्या गृहस्थाशीं स्नेह जडला. ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं. फ्रायडे हे शिकारींत व मासेमारींत निष्णात असून शहरवासीयांना कॅनडाच्या रानांतून वाट दाखवीत. त्यांनीं केल्टनर यांच्याजवळ एक निरीक्षण बोलून दाखविलें. आपल्या लोकांत मुलाला बाप वाढवितो. माग काढणें, मासे धरणें, रानांत पावलांचा आवाज न होऊं देतां चालणें हें सर्व तो बापाच्या मागोमाग हिंडून शिकतो. शहरांतील गोऱ्या लोकांत मात्र बाप सकाळीं कामावर जातो, आणि मूल वाढविण्याचें काम एकट्या आईवर पडतें. केल्टनर यांनीं फ्रायडे यांना सेंट लुईला बोलावून मुलांपुढें त्यांचीं भाषणें करविलीं. तेव्हां असें दिसून आलें कीं, मुलांपेक्षां त्यांचे बापच त्यांच्याभोंवतीं अधिक दाटी करीत! त्या दाटींतूनच १९२६ सालीं बाप-लेकांचीं पहिलीं मंडळें निघालीं. हीं मंडळें आळीपाळीनें एकमेकांच्या घरीं जमत आणि वर्षांतून दोनतीन वेळां शनिवार-रविवार शिबिराला जात.

याच १९२६ सालीं हेन्री फोर्ड यांनीं आपल्या कारखान्यांत पांच दिवसांचा आठवडा सुरू केला. पुढें १९३८ च्या कायद्यानें चाळीस तासांच्या आठवड्याचा मार्ग मोकळा झाला. बापाच्या हातीं शनिवार आला नसता, तर मुलाबरोबर दोन रात्री रानांत काढण्याची गोष्ट बहुतेक कामकऱ्यांच्या बाबतींत बोलाचीच राहिली असती. चांगली कल्पना रुजावयास असा मोकळा वेळहि लागतो.

या इतिहासाला एक काळी बाजूहि आहे. या मंडळांनीं मूळ रहिवाशांचीं नांवें, पिसांचीं शिरोभूषणें, जमातींच्या संज्ञा हौसेनें उचलल्या. पण ज्यांच्याकडून बापपणाचा धडा घेतला, त्यांच्या स्वतःच्या मुलांची त्या वेळीं काय अवस्था होती? कॅनडांत १९२० सालीं कायद्यांत दुरुस्ती करून या मुलांना निवासी शाळांत सक्तीनें धाडण्याचा अधिकार सरकारनें घेतला. तेथें त्यांना आईबापांपासून, स्वतःच्या भाषेपासून तोडण्यांत येई. शहरांतील गोरे बाप फ्रायडे यांच्या लोकांकडून मुलांबरोबर कसें राहावें हें शिकत असतां, त्याच लोकांच्या घरांतून मुलें ओढून नेलीं जात होतीं! या अन्यायाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं २००८ सालीं संसदेंत क्षमा मागितली. वाय. एम. सी. ए. नेंहि मूळ रहिवाशांच्या आक्षेपांचा विचार करून २००३ सालीं या उपक्रमाचें जुनें नांव टाकून दिलें. पिसें गेलीं, उपक्रम मात्र राहिला, आणि तो आतां बाप-लेकांपुरताहि उरला नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत त्यांत मुली आल्या, आया आल्या. आज निरनिराळ्या संस्थांच्या शिबिरांतून कोणीहि वडील माणूस आपल्या घरच्या मुलाबरोबर असे दोन दिवस काढूं शकतो.

आतां या दोन दिवसांत घडतें काय, तें पाहूं. त्यासाठीं एक कुटुंब कल्पनेनेंच डोळ्यांपुढें आणावें. बाप पुण्यांत वाढलेला, गणितांत हुशार, अभियांत्रिकीची पदवी घेऊन बोस्टनजवळ स्थायिक झालेला. मुलगी नऊ वर्षांची. गेल्या जुलैंत न्यू हँपशायरमधील एका तळ्याकांठच्या शिबिरांत दोन आठवडे राहून आलेली. सप्टेंबरच्या आरंभीं, नेहमींचीं शिबिरें संपून लांकडी खोल्या रिकाम्या झाल्यावर, बाप आणि लेक शुक्रवारीं संध्याकाळीं तेथें पोंचतात.

पहिला बदल मोटारींतून उतरतांक्षणींच होतो. घरीं बाप पुढें आणि मुलगी मागें अशी चाल असते. येथें मुलगी पुढें आणि बाप मागें. खोली कोणती, खाटेवरचा वरचा मजला कोणाचा, हात कोठें धुवावयाचे, जेवणाची घंटा झाली म्हणजे कोणत्या पायवाटेनें जावयाचें, हें सर्व तिला ठाऊक; बापाला कांहींच ठाऊक नाहीं. रात्रीं न्हाणीघराकडे जातांना तो विजेची बत्ती सारखी इकडेतिकडे फिरवूं लागतो. ती म्हणते, "बाबा, बत्ती विझव आणि जरा थांब. डोळ्यांना संवय होऊं दे." तो थांबतो. दोनतीन मिनिटांत अंधारांतून पायवाट हळूहळू उमटूं लागते. तळ्यावरून लून नांवाच्या पाणपक्ष्याची लांबलचक हांक येते. बाप दचकतो, मुलगी दचकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं रानांतून चालतांना तो एका झाडावर चढलेल्या वेलीला आधारासाठीं हात घालणार, तोंच ती ओरडते. ती वेल पॉयझन आयव्हीची. एका देंठावर तीन पानें, ही तिची खूण. तिचा चीक अंगाला लागला कीं खाज सुटून फोड येतात. घरीं "याला हात लावूं नकोस" हें वाक्य बाप दिवसांतून दहा वेळां उच्चारतो. तें त्याला ऐकावयास लागण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

दुपारीं सर्वजण पाण्यावर जातात. या शिबिरांतील पोहण्याची व्यवस्था मोठी काटेकोर असते, आणि आजीच्या प्रश्नाचें उत्तर त्या व्यवस्थेंतच आहे. तरंगत्या दोऱ्या बांधून उथळ पाणी आणि खोल पाणी वेगळें केलेलें असतें. पहिल्यांदां परीक्षा द्यावयाची, आणि जो जितका पोहूं शकेल तितक्याच पाण्यांत त्यानें जावयाचें. पाण्यांत कोणी एकटें उतरावयाचें नाहीं; प्रत्येकाला एक जोडीदार असतो, आणि दोघांचीहि इयत्ता एकच हवी. कांठावर एक फळी असते. पाण्यांत उतरण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या नांवाची चकती तिच्यावर अडकवावयाची, बाहेर आल्यावर काढावयाची. थोड्याथोड्या वेळानें शिट्टी होते. त्यासरशीं जो तो आपल्या जोडीदाराचा हात धरून उंच करतो, आणि देखरेख करणारे सर्व जोड्या मोजतात. मोजणी फळीशीं जुळली तरच पुन्हां पोहणें सुरू. मूल एवढ्या पाण्यांत एकटें नसतें, तें असें.

हा नियम मोठ्या माणसांनाहि लागू असतो. आपला हा बाप कांठावरील बाकावर बसून म्हणतो, "तूं जा, मी येथून पाहतों." देखरेख करणारा महाविद्यालयीन तरुण नम्रपणें विचारतो, "आपण परीक्षा देणार ना?" मुलगीहि पाहत उभी आहे. थंडी वाजते, पाठ दुखते, कचेरीचें काम आहे, अशीं तीनचार उत्तरें बापाच्या जिभेवर तयार असतात. चारचौघांत तीं खपलींहि असतीं. पण सकाळपासून तो एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मागून चालला आहे, आणि त्या चालण्यांत त्याचा ताठा थोडा सैल झालेला आहे. तो हळूच म्हणतो, "मला पोहतां येत नाहीं."

"मुळींच नाहीं?" मुलगी विचारते. तिच्या स्वरांत थट्टा नसते, केवळ आश्चर्य असतें. बाबांना न येणारी एखादी गोष्ट जगांत असूं शकते, हें तिला आजवर माहीत नव्हतें.

मुलीनें खोल पाण्याची परीक्षा जुलैंतच दिलेली आहे. तिच्या मैत्रिणी दोरीपलीकडून तिला हांका मारीत आहेत. ती फळीपाशीं जाते, खोल पाण्याच्या बाजूला अडकविलेली आपली चकती काढते, उथळ पाण्याच्या बाजूला अडकविते आणि शेजारीं बापाची चकती लावते. मग कमरेइतक्या पाण्यांत ती त्याला पहिला धडा देते. तोंड पाण्यांत घालावयाचें आणि श्वास आंत कोंडून न धरतां बुडबुडे काढीत सोडावयाचा. बाप घाईनें तोंड वर काढतो, ठसकतो, डोळे चोळतो. ती म्हणते, "पहिल्या दिवशीं मलाहि आलें नव्हतें. पुन्हां कर."

एवढ्यांत शिट्टी होते. मुलगी त्याचा हात धरून उंच करते. मोजणी होईपर्यंत तो तसाच हात वर करून उभा राहतो.

त्या क्षणीं त्याला काय आठवत असेल? घरीं दररोज संध्याकाळीं तो मुलीचें गणित तपासतो. अपूर्णांकाचें एखादें उदाहरण अडलें आणि ती "येत नाहीं" म्हणाली, कीं त्याच्या तोंडून निघतें, "एवढें साधें येत नाहीं?" या वाक्यानें कोणत्याहि मुलाला आजवर अपूर्णांक आलेले नाहींत. मूल त्यांतून एकच गोष्ट शिकतें : येत नसलें तरी येत नाहीं असें म्हणावयाचें नाहीं. मग तें उत्तर शेजाऱ्याच्या वहींतून उतरवून घेतें, किंवा पोट दुखतें म्हणतें. बाकावर बसून बापाच्या जिभेवर आलेलीं तीं थंडीचीं आणि पाठदुखीचीं उत्तरें याच जातीचीं होतीं. अज्ञान लपविण्याची विद्या मूल बाहेर शिकतें असें आपण समजतों. पुष्कळदां ती त्याला घरांतच मिळते.

रात्रीं शेकोटी होते. काडीच्या टोंकाला मार्शमेलो खोंचून भाजतात आणि चॉकोलेटच्या तुकड्याबरोबर दोन बिस्किटांत दाबून खातात. या खाऊची कृति बालवीर मुलींच्या १९२७ सालच्या एका पुस्तकांत छापलेली आढळते. मार्शमेलोंत बहुधा जिलेटिन असतें, म्हणून कांहीं शाकाहारी घरांतून त्याऐवजीं वेगळा डबा बरोबर येतो. शेकोटीपाशीं बसून मुलगी बापाला विचारते, "तूं लहानपणीं कां नाहीं शिकलास?" तो सांगूं लागतो. आजोळीं मळ्यांत मोठी विहीर होती. सगळीं मामेभावंडें तिच्यांत उड्या मारीत. पण त्याच्या आईला पाण्याची फार भीति. ती त्याला कांठावरहि उभें राहूं देत नसे. पुढें शाळा, परीक्षा, शिकवण्या यांत तें राहून गेलें, आणि मोठेपणीं लाज आड आली. बापाच्या लहानपणाची ही गोष्ट मुलीनें कधींच ऐकलेली नसते. घरीं ती सांगावयास वेळ नव्हता असें नाहीं. पण तसा प्रश्नच कधीं निघाला नव्हता.

रविवारीं सकाळीं कनूची पाळी येते. कनू ही दोन्ही टोंकांना निमुळती, हलकी होडी. ती दोघांनीं वल्हवावयाची असली म्हणजे जड माणसानें मागें बसावें, असा शिरस्ता आहे. कारण मागचा माणूस दिशा सांभाळतो, आणि पुढचें टोंक जड झालें तर तें पाण्यांत रुततें व होडी वळतां वळत नाहीं. शनिवारीं बाप त्याप्रमाणें मागेंच बसला होता. आज मात्र मुलगी हट्ट धरते कीं, आपण मागें बसणार. वारा नाहीं, पाणी कंबरभर, देखरेख करणाऱ्याची होडी शेजारीं, दोघांच्याहि अंगांत लाइफ जॅकेटें. म्हणून परवानगी मिळते. होडीचें नाक खालीं झुकतें आणि ती एकाच जागीं गोल फिरते. बाप मान वळवून सूचना देऊं पाहतो, तसतशी ती अधिकच डोलते. मुलगी म्हणते, "बाबा, मागें पाहूं नकोस. होडी हलते. मी सांगेन तेव्हां वल्हें मार."

पुढें बसलेल्याला मागचा माणूस दिसत नाहीं. त्यानें केवळ जोर लावावयाचा; होडी कोठें न्यावयाची तें मागच्याच्या हातीं. दोन गिरक्या होतात, एकदां लव्हाळ्यांत नाक शिरतें, आणि मग हळूहळू होडी कांठाला धरून सरळ चालूं लागते. शेजारच्या होडींतील तरुणानें त्या वेळीं घेतलेलें छायाचित्र तेंच, जें आठ हजार मैलांवर आजीआजोबांच्या हातीं पडतें.

आरंभीं जाणवलेली विसंगति येथें उलगडते. शिबिर मुलाला आईबापांवांचून राहावयास शिकवितें, तें याचसाठीं कीं, त्याचें स्वतःचें असें एक लहानसें राज्य उभें राहावें. तें राज्य नसतें तर आईबापांना पाहुणे म्हणून जावयाचें कोठें? घरीं मूल आईबापांच्या राज्यांत असतें. तेथें तें कितीहि लाडकें असलें तरी प्रजाच. या दोन दिवसांत आईबाप त्याच्या राज्यांत येतात, अडखळतात, चुकतात, विचारतात. मूल त्यांना शिकवितें, सांभाळून घेतें. शिकणारें मोठें माणूस कसें दिसतें, हें त्याला जवळून पाहावयास मिळतें. सोळाव्या वर्षीं मुलाला मित्राप्रमाणें वागवावें असें आपल्याकडे जुन्यांनीं सांगून ठेवलें आहे. पण त्या मैत्रीची पूर्वतयारी नवव्या-दहाव्या वर्षीं झालेली नसली, तर सोळाव्या वर्षीं ती एकाएकीं कोठून येणार?

अर्थात् शिबिराला नुसतें गेल्यानें हें साधतें असें नाहीं. कित्येक आईबाप तेथेंहि आपली गादी बरोबर घेऊन जातात. मुलाच्या हातून धनुष्य काढून घेऊन नेम कसा धरावयाचा याचें व्याख्यान देतात. दोन दिवसांत दोनशें छायाचित्रें काढतात आणि एकदांहि वल्हें हातीं धरीत नाहींत. मुलांत शर्यत लावतात आणि आपलें मूल मागें पडलें म्हणून त्याच्यावरच रुसतात. अशांना तळें, रान आणि तारे यांचा कांहीं उपयोग नाहीं. शिवाय हें सर्व पैशाचें काम आहे. ज्या घरांत शनिवारींहि कामावर जावें लागतें, तेथें हें सुख पोंचत नाहीं. कित्येक संस्था देणग्यांतून अशा मुलांची सोय करतात, तरी ती सर्वांना पुरत नाहीं.

आपल्याकडेहि मुलांच्या शिबिरांची परंपरा आहे. बालवीरांचीं शिबिरें झालीं. १९४१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानें शिबिरांतून श्रम आणि सहजीवन यांचे धडे दिले. हल्लीं शहरोशहरीं सुटींत शिबिरें निघतात. आईबाप तेथें जातात ते बहुधा शेवटच्या संध्याकाळीं. खुर्च्यांवर बसून मुलांचीं नाचगाणीं पाहतात, टाळ्या वाजवितात, प्रशस्तिपत्र पिशवींत घालून मुलाला घरीं आणतात. मूल तेथेंहि परीक्षार्थीच राहतें. त्या एका संध्याकाळीऐवजीं आईबापांनीं एक रात्र तेथें राहावें, मुलाच्या हातचें वाढलेलें जेवावें, आणि त्यानें शिकविलेली एखादी गांठ त्याच्यादेखत चारदां चुकून पांचव्यांदां मारावी, असें शिबिरचालकांनीं कां करूं नये? आणि ज्यांना शिबिर लाभत नाहीं, त्यांनाहि हा मार्ग बंद नाहीं. मुलाला येणारी आणि आईबापांना न येणारी अशी एक तरी गोष्ट प्रत्येक घरांत असते. मुलगा सायकल चालवितो, आईला येत नाहीं. मुलगी तबला वाजविते, बापाला ताल कळत नाहीं. एखादा रविवार त्यासाठीं काढावा आणि खरोखरीच शिकावयास बसावें. मुलाला बरें वाटावें म्हणून शिकण्याचें नाटक मात्र करूं नये. मुलांना तें तत्काळ कळतें.

आपल्या कल्पनेंतल्या त्या बापाचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. सोमवारीं संध्याकाळीं तो पुन्हां गणिताची वही घेऊन मुलीशेजारीं बसला. एक उदाहरण अडलें. "येत नाहीं," ती म्हणाली. तो कांहीं बोलणार होता, पण थांबला. मग म्हणाला, "कोठपर्यंत येतें, तें दाखव." तिनें दाखविलें. उदाहरण दुसऱ्या पायरीवर अडलें होतें.

त्याच आठवड्यांत त्यानें गांवच्या तलावावर मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गांत नांव घातलें, आणि पुण्याला आईला दूरध्वनीवरून तें सांगितलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. ती विहीर आईलाहि आठवली असावी. मग तिनें विचारलें, "पाण्यांत बरोबर कोणी असतें ना रे?"

"असतें," तो म्हणाला. "जोडीदाराशिवाय उतरूंच देत नाहींत."